भागूअक्कास, दोरीवरल्या कपड्यांविषयी

लोणावळे,
श्रावण वद्य तृतीया, शके १८५२

तीर्थरूप भागूअक्कास धाकट्या द्वारकीचा साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच समज. खरोखर वाकले तर उठवायला शेजारच्या रोशनबीला हाक मारावी लागते.)

अक्का, मोज्यांचा तो दिवस तुला आठवतो का? पुण्याच्या लष्करातल्या नन्सच्या शाळेत आपण बोर्डिंगात होतो, तू अकराची, मी नऊची. आठवडाभर झड लागली होती आणि ओले मोजे घालून चॅपलच्या फरशीवर उभं राहून माझ्या पायांची बोटं सुरकुतली होती. तू मला मागच्या दाराने स्वयंपाकघरात नेलंस, आपले चारही मोजे पावाच्या भट्टीच्या दांडीवर टांगलेस, खिशातून पावाचा करपलेला कोपरा काढून मला दिलास आणि म्हणालीस, "तू लक्ष ठेव, मी सिस्टर येते का बघते." इतकंच. त्या उबेत बसून पाव चघळण्याइतकं सुख पुढे आयुष्यात मला फार वेळा मिळालं नाही. मोजे जळले. सिस्टर मोनिकांनी विचारलं तेव्हा 'मी टांगले' म्हणून तू तासभर गुडघ्यांवर बसलीस. टांगले होतेस तूच, पण लक्ष मी ठेवायचं होतं, आणि मी झोपले होते. हे तेव्हा सांगायचं राहिलं. पुढे सेहेचाळीस वर्षं राहिलंच.

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींची कंबर? सोलापूरच्या उन्हाची चौकशी मी करत नाही. तू प्रत्येक पत्रात त्या उन्हाच्या नावाने बोटं मोडतेस आणि मी इथे ती पत्रं हातात धरून त्यातून काही ऊब येते का बघते. इथे सत्तावीस दिवसांत सूर्य दिसलेला नाही. मिठाचं पाणी झालं, काड्यापेटी उशीखाली घेऊन झोपावं लागतं, आणि ह्यांच्या फोटोवर बुरशी चढून ह्यांना मरणोत्तर दाढी आली आहे. (जिवंतपणी कधी ठेवली नाही. शोभते मात्र.) तू तीन पत्रांतून मामांच्या आरामखुर्चीविषयी विचारलंस. मामांनी आपल्या दोघींनाही शिकवलं, तेव्हा खुर्चीवर तुझा माझ्याइतकाच हक्क आहे आणि भावोजींच्या कंबरेला ती मानवेल, हे मला पटतं. खुर्चीविषयी पुढे लिहिते.

तू विचारलंस की मी पुण्याला डॉक्टरला दाखवायला का जात नाही. त्याचं कारण विस्तव. नीट समजायला चार पावसाळे मागे जावं लागेल. इथल्या धर्मार्थ दवाखान्याला मदत करायची म्हणून मुंबईच्या एका शेठाणीबाईंनी आपल्या बंगल्यावर आम्हा बायकांची सभा भरवली. एकेक बाई उठून आपापली देणगी सांगत होती आणि सेक्रेटरीबाई वहीत उतरवून घेत होत्या. माझी पाळी जवळ येत चालली तशी मी पायाखालच्या गालिच्याची फुलं न्याहाळू लागले. पेन्शन तुला ठाऊक आहे. शेवटी उठले आणि तोंडातून निघून गेलं, "माझ्याकडे विस्तव आहे." सेक्रेटरीबाईंनी दोनदा विचारून घेतलं आणि लिहिलं, 'द्वारकाबाई: विस्तव.'

पण खोटं नव्हतं ते. आमचं हे घर घाटात इंजिन हाकणाऱ्या एका गोऱ्या ड्रायव्हराने बांधलेलं. त्याला मायदेशाची आठवण येत असावी, म्हणून त्याने भिंतीत धुराड्याची मोठी शेगडी करून घेतली. ह्यांनी घर घेतलं तेव्हा सगळे हसले होते. पण लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने कपडा म्हणून वाळत नाही, आणि वाळवायची जागा असलेलं आमच्या आळीत हे एकच घर. जळणही फुकट: घाट चढून आलेली इंजिनं शेडमध्ये आपली राख झाडत, तिच्यातला अर्धवट जळालेला कोळसा आळीतल्या बायका वेचून आणत. कोळसा त्यांचा, शेगडी माझी, कपडे सगळ्यांचे. लहान कपड्यांसाठी वडिवळ्याच्या कोंडाजीने कोंबड्या डालायचं एक डालगं दिलं. ते निखाऱ्यांवर पालथं घालायचं आणि वर लंगोट, टोपडी पसरायची. आळीतल्या सगळ्यांच्या अंगाला एकच वास येऊ लागला, निम्मा आगगाडीचा, निम्मा कोंबडीचा. मशिदीतही तोच आणि विठोबाच्या देवळातही तोच. इतकी एकी मी कुठल्या व्याख्यानाने झालेली पाहिली नाही.

ह्या कोंडाजीचं काय झालं ते ऐक. दर रविवारी तो बाजाराला कोंबड्या घेऊन येतो, चिंब भिजतो, डोक्याचा पटका माझ्या दोरीवर टाकतो आणि पोतं पांघरून बाजार करतो. त्याच दोरीवर दवाखान्याच्या धुतलेल्या पट्ट्या असत. एका रविवारी मी (चष्म्यावर वाफ होती, दुसरं काय सांगू) कोंडाजीचा पटका पट्ट्यांच्या गाठोड्यात बांधून दवाखान्यात पाठवला. कंपाउंडरने इतकं लांब, पांढरं, मऊ कापड आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याने देवाचे आभार मानले आणि कात्री चालवली. संध्याकाळी कोंडाजी दारात उभा. "बाई, माजा पटका गावला." मी म्हटलं, कुठे? "एक वीत पोस्टाच्या शिपायाच्या घोट्याला हाय. हातभर त्या हलवायाच्या टकुऱ्याला. लाल काटावरनं वळकला म्या. ऱ्हायलेला गावभर हिंडतोय, आन् मीच बोडका." त्याला दुसऱ्या दिवशी वडगावच्या कचेरीत तारीख होती आणि बोडक्या डोक्याने साहेबापुढे उभं राहणं त्याला मरणाहून कठीण. मी पेटी उघडली आणि ह्यांचा बदामी फेटा काढून दिला. (त्याची घडी मी सहा वर्षं मोडली नव्हती.) त्याची बायको बयाबाई दाराशी होती, ती म्हणाली, "बगा की! सायबाच्या फेट्यात आमचं येडं लय शानं दिसतंय." मी हसले. ती दोघं गेल्यावर जे केलं ते लिहायला नको. कंपाउंडर पट्ट्या धुऊन परत द्यायला तयार होता, पण कोंडाजी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता, पुण्यकामाला लागला त्यो." सेक्रेटरीबाईंनी वहीत माझ्याखाली त्याचंही नाव लिहिलं: 'कोंडाजी, वडिवळे: पटका.'

हे हसण्याचे दिवस संपले, अक्का. गेल्या वर्षी घाटात विजेची इंजिनं आली. बँड वाजला, हार घातले, साखर वाटली. मीही साखर खाल्ली. ह्या इंजिनांच्या पोटात कोळसा नसतो हे मला घरी आल्यावर सुचलं. पडवीत साठवलेला कोळसा ह्या आषाढात संपला. विकतचा कोळसा ना मला झेपत ना आळीतल्या कोणाला. कोंडाजी डोक्यावरून लाकडं आणतो, पण ती ओली; ती वाळवायलाच आधी विस्तव लागतो. एकेकीने आपले कपडे आणणं थांबवलं. "बाई, आमचं राहू द्या, पोरीचं तेवढं बघा," म्हणाल्या.

पोरगी रोशनबीची नात. रोशनबीचा मुलगा नसीर रेल्वेत सांधेवाला आहे, रुळांचे सांधे बदलत दिवसरात्र पावसात. त्याची बायको बदरुन्निसा आषाढ लागला त्या आठवड्यात बाळंत झाली, दोन महिने आधी. पोर एवढीशी, माझ्या दोन तळव्यांत मावेल अशी. त्यांचं घर गळतं, भिंतींना पाणी सुटलं आहे, रोशनबी दिवसभर बंगल्यावर स्वयंपाकाला. डॉक्टरांनी औषध दिलं नाही, एवढंच सांगितलं की अंगाखालचं दुपटं क्षणभरही ओलं राहता कामा नये; असे दोन महिने काढले तर जगेल. मग सकाळपासून रात्रीपर्यंत दुपटी येतात, वाळतात, गरम गरम पदराखालून परत जातात. ओल्या दुपट्याचं मला काय वाटतं ते तुला ठाऊक आहे. ते मी लिहीत नाही. पोरगी सहा आठवड्यांची झाली. काल तिने माझं बोट धरलं, आणि चांगलं घट्ट धरलं.

आता माझ्या प्रकृतीविषयी. दवाखान्याच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. (खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं.) गाठ आहे, पुण्याला मोठ्या इस्पितळात कापावी लागेल, आधीच उशीर झाला आहे. मी म्हटलं, श्रावण जाऊ दे. ते म्हणाले, श्रावण जाईल हो, तुमचं काय? हे रोशनबीच्या कानावर गेलं आणि ती कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिली. "बाई, तुमी मेलात तर विस्तव काय आपोआप पेटणार हाय व्हय?" येत्या सोमवारी सकाळच्या गाडीने नसीर मला पुण्याला पोचवतो आहे.

बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझी काळजी घे, माझी करू नकोस.

तुझी,
द्वारकी

ता. क. खुर्चीविषयी लिहायचं राहिलं. ती सागवानी होती, कोरडी होती आणि तिने बदरुन्निसाच्या मुलीला अकरा दिवस कोरडं ठेवलं. तिच्याआधी माझं पुस्तकांचं फडताळ गेलं आणि शाळेच्या सद्वर्तनाच्या प्रशस्तिपत्रकाची चौकट गेली. हात तेवढे राहिले आहेत, खुर्चीचे म्हणते. मामा असते तर त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली असती असं मी मनाला सांगते, पण ते फार सावकाश उठत. भावोजींना तू काय सांगायचं ते सांग. मोज्यांच्या वेळी सांगितलंस तसं सांगू नकोस. ह्या खेपेला माझं नाव घे.

दुसरा ता. क. अक्का, तू ये. हेच लिहायला बसले होते. शनिवारच्या मेलने निघालीस तर रविवारी मला भेटशील. फक्त दोन आठवडे, मग पोरगी निभावेल असं डॉक्टर म्हणतात. येताना तुमच्याकडच्या उन्हात कडकडीत वाळलेल्या गोवऱ्यांचं एक पोतं आण. तिथे कोणी त्यांचे पैसे घेत नाही. (वास सोसवला नाही तर भावोजींनी वेगळ्या डब्यात बसावं.) त्या संपल्या तर माझा पलंग आहे. इस्पितळात मला पलंग मिळणारच.

शेवटचा ता. क. आपली चुकामूक झालीच तर, दोरीवर भिंतीकडून दाराकडे: निळं लुगडं बयाबाईचं, रविवारी बाजाराला आली की घेईल. दवाखान्याच्या पट्ट्या वेगळ्या बांधल्या आहेत. त्या देताना आधी कोंडाजीच्या डोक्याकडे बघ. ह्यांचा जाड कोट नसीरला, मी परत आले तरी आणि नाही आले तरी. डालगं कोंडाजीचं, पण पाऊस संपल्यावरच परत दे. ह्यांचा फोटो पुसून तू घेऊन जा. सोलापुरात ह्यांची दाढी उतरेल. दुपटी सगळी बदरुन्निसाची.

पेटीच्या तळाशी एक पिवळं झबलं आहे. त्या साली तू स्वतः शिवून टपालाने पाठवलंस, ते भिजत भिजत पोचलं तेव्हा माझी मनू जाऊन चार दिवस झाले होते. एकतीस पावसाळे मी ते वाळवते आहे. (बुरशी चढू नये म्हणून, दुसरं काही नाही.) ते रोशनबीच्या नातीला. नवंच आहे, कोणी घातलेलं नाही. अंगात घालण्याआधी डालग्यावर नीट गरम कर, आणि अक्का, ते गरम होईपर्यंत तिथून उठू नकोस.