दुसरी खाट आणू नये

मी, वय सव्वीस, धंदा केस कापायचा, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकानं लिहीत नाही. डोकं जाग्यावर आहे. आई म्हणते ते कधीच नव्हतं. बरं.

१. माझी स्कूटर दादाला. ब्रेक लागत नाहीत, हे त्याला वळणावर सांगावं.

२. कात्र्या आणि फिरती खुर्ची आईला. बसून फिर, राग उतरेल.

३. आता मावशीचं. तिच्यासोबत एक बाई जन्मभर राहिली. मी तिला काकी म्हणते. कोणी आलं की मावशी सांगायची, "ही आमची भाडेकरू." दाखवायला आतल्या खोलीत दुसरी खाट. कायम अंथरलेली, चादरीला सुरकुती नाही.

आता मावशीला विसरायचा आजार झालाय. खरं होतं ते पुसलं गेलं, लोकांना सांगायचं तेवढंच उरलं. परवा काकी तिला भरवत होती. मावशी म्हणाली, "खोली कधी सोडताय तुम्ही?"

काकी म्हणाली, "बघते हं दुसरीकडे. आधी हा घास घ्या."

आता काकी त्या खाटेवर झोपते. मावशी स्वतःच्या खोलीला आतून कडी लावते.

४. माझ्यासोबत राहते ती बांबू. उंच आहे म्हणून. आईला, शेजाऱ्यांना, डॉक्टरला मी सांगते, रूममेट. हल्ली एकटी असताना आरशात बघून तो शब्द म्हणून पाहते. अडखळत नाही. जीभ अशी सरावलीय की अंगावर काटा येतो.

५. म्हणून माझी खोली आणि बँकेत असेल ते सगळं बांबूला. ती माझी बायको आहे. लिहिलं एकदाचं.

६. पुढं कधी मी म्हणाले, ही कोण, हाकला हिला, तर ते माझं म्हणणं धरू नये. आजचं धरावं. घरात दुसरी खाट आणू नये. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात म्हणे. हे आधी वाचावं. मलाच वाचून दाखवावं, रोज, मी शिव्या दिल्या तरी.

साक्षीदार पहिला: खालचा शिंपी. "कायद्यात बसतं का गं हे?" म्हणाला. म्हटलं, तू शिवलेल्या ब्लाउजपेक्षा बरं बसेल. हसत सही केली.

साक्षीदार दुसरी: काकी. सही झाल्यावर मी विचारलं, "मावशीची कोण म्हणून लिहू?"

तिनं आतल्या दाराकडे बघितलं. "भाडेकरूच लिही. तिनं वाचलं तर घाबरेल गं."

तसंच लिहिलंय.

ठिकाण: मावशीचं स्वयंपाकघर. तारीख सात, रविवार.

सही: उचापती, बांबूची बायको.