एका बारासाठी

प्रिय पप्पा,

आज दुपारी ती रायफल दुकानातून गेली. तिसगावचे भानुदास अण्णा भाच्याची जीप घेऊन आले आणि सही करून घेऊन गेले. मला वाटलं होतं, ती गेली की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट तुमचा राग आला. तुमच्या आठवणीनं मला रडू येतं ते सगळे समजून घेतात, पण राग येतो ते कुणाला सांगू? चर्चमध्ये तर सांगता येत नाही. म्हणून तुम्हालाच लिहितेय.

पप्पा, हे काम तुम्ही घेतलंच कशाला?

बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेलं आपलं एवढंसं दुकान. पण तिथं कुणाची शिलाई मशीन, कुणाच्या फवारणी पंपाचा व्हॉल्व्ह, सगळं यायचं आणि तुम्ही ठेवून घ्यायचात. तसंच हेही असणार, असं मी धरून चालले होते. अण्णांच्या वडलांची जुनी शिकारी रायफल गंजून बाद झाली होती. मागे उरली होती तिची काडतुसं, एका पत्र्याच्या डब्यात. तसली काडतुसं आता कुठं बनतही नाहीत. अण्णांकडे दुसरी एक बोल्ट रायफल होती, दर बाराला हातानं खिटी मागेपुढे ओढायची. तिची नळी बदलून तिच्यातून ही जुनी काडतुसं उडतील असं करून द्या, हे त्यांचं म्हणणं. पुण्यात नाही म्हणाले, मुंबईत नाही म्हणाले. तुम्ही मात्र सरकारी परवानगीसाठी खेटे घालून ती मिळवलीत आणि कामाला लागलात.

नळी तुम्ही सुंदर केलीत. ते मी नाकारत नाही. एकेक काडतूस हातानं घातलं की ते नीट बसायचं, नीट निघायचं. पण काडतुसं एकावर एक भरायच्या मॅगझिननं आपल्याला रडवलं. या जुन्या काडतुसांच्या बुडाला चकतीसारखी कड असते आणि रायफल घडवलेली बिनकडेच्या काडतुसांसाठी. वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकायची की बोल्ट जागच्या जागी ठप्प. तुम्ही दोन पावसाळे त्यातच घालवलेत. घरी जेवताना ताटात बोटानं स्प्रिंग काढत बसायचात.

दवाखान्यातला तो दिवस आठवतो का? आई तुमचे पाय चेपत होती. मी आले, तर तुम्ही विचारलंत, "करुणा, दुसरी स्प्रिंग लावून पाहिलीस का?" आईनं हात काढून घेतला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तुम्ही पाहिलंत का ते? मी पाहिलं. त्यानंतर तुम्ही आमच्याशी फारसं काही बोलला नाहीत, कारण बोलण्याइतकी ताकद उरली नव्हती. जेवढी होती ती स्प्रिंगला दिलीत.

तुम्ही गेल्यावर आई म्हणाली, दुकान बंद कर. मी एमआयडीसीतली नोकरी सोडली आणि परवाना माझ्या नावावर करून घ्यायला धावले. ते किती सोपं होतं, ते विचारू नका. एका साहेबांनी तर मला शेवटपर्यंत विचारलं, की दुकानात बसणार कोण?

मग मी तुमच्या लेथसमोर बसले. मॅगझिनची तोंडं कानसून पाहिली, स्प्रिंगा बदलल्या, बिनदारूची पितळी काडतुसं करून शेकडो वेळा चालवली. कधी तिसरं अडकायचं, कधी पहिलंच. काय चुकतंय ते विचारायला तुम्ही नाही. तुम्ही शिकवतानाही तसेच होतात. हात पुढे केला की बाजूला सारायचात. बघून शीक म्हणायचात. काय बघायचं ते कधी सांगितलंत का?

अण्णा बाजाराला आले की स्टुलावर येऊन बसायचे. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते स्वतःच ओरडून बोलतात. शेवटी कंटाळून मी मॅगझिन पत्र्यानं कायमचं बंद केलं आणि त्यांना सांगितलं, की यात एका वेळी एकच काडतूस बसेल. ते चिडले.

"तुझ्या बापानं शब्द दिल्ता मला!"

मी म्हटलं, पप्पा असते तर त्यांनीही शेवटी हेच केलं असतं. हे खरं होतं की नाही, मला माहीत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही ती गोळीबाराच्या सरावाच्या रेंजवर नेली. मी रायफल स्टँडला घट्ट बांधली, ट्रिगरला लांब दोरी लावली आणि सगळ्यांना मागे उभं केलं. एवढं तरी तुमच्याकडून बघून शिकले होते. पहिल्या काडतुसाला नुसती टिचकी वाजली. बराच वेळ थांबून ते काढलं. दुसऱ्यालाही तेच. तिसरं उडालं. जाऊन पाहिलं तर काडतुसाची पितळी पुंगळी उभी चिरलेली, बोल्टभोवती काजळी. तुमची नळी शाबूत होती. पण तिथं माणसाचा गाल टेकलेला असता तर? रेंजवरच्या प्रशिक्षकांनी नकारार्थी मान हलवली. मी तिथंच सांगितलं, आता एकही काडतूस उडवायचं नाही. सगळी जुनी झाली आहेत.

वळून पाहिलं तर अण्णांनी कानावरचं झाकण कधीच काढून ठेवलेलं. ते म्हणाले, "ह्यो आवाज त्यो न्हाई."

तेव्हा मला कळलं की त्यांना आवाज हवा होता. फक्त आवाज. मी भिंतीकडच्या लिंबाखाली जाऊन बसले, कारण तिथं थांबले असते तर त्या म्हाताऱ्या माणसाला काहीतरी लागेलसं बोलले असते.

थोड्या वेळानं ते आले आणि शेजारी बसले. मग त्यांनी सांगितलं. लहानपणी त्यांचे वडील बाजरीत शिरणाऱ्या डुकरांमागे जायचे. तिन्हीसांजेला शेताकडून बार ऐकू आला, की त्यांची आई चुलीवर तवा ठेवायची. म्हणजे बाप आता घरी यायला निघाला.

"कान पार जायाच्या आत येकदा ऐकायचा हुता," अण्णा म्हणाले. "तुझा बाप लई येळा न्हाई म्हनला. मग ही तव्याची गोष्ट सांगितली. ती ऐकून म्हनला, ठिवा हितं."

म्हणजे तुम्ही नाही म्हणाला होतात. कितीतरी वेळा. आणि मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते, की पप्पांना कुणाला नाही म्हणता येत नव्हतं.

पण मग मला एक सांगा. त्या माणसाला एकच बार ऐकायचा होता. एका बारासाठी मॅगझिन कशाला हवं होतं, पप्पा? नळी तर झाली होती. अण्णांना तेव्हाच रेंजवर नेलं असतं, तर त्यांचे कानही बरे होते. कदाचित तो आवाज त्यांनी ओळखलाही असता. अण्णा चिडले ते तुमच्या शब्दापायी; मॅगझिन त्यांच्यासाठी नव्हतं. ते तुमच्यासाठी होतं, जमत नव्हतं म्हणून. आणि मला तुम्ही स्प्रिंगचं सांगितलंत, तव्याचं सांगितलं नाहीत. ते सांगितलं असतंत तर मी मॅगझिनमागे न लागता आधी काडतुसं तपासली असती.

उरलेली काडतुसं अण्णांनी नष्ट करायला पोलिसांकडे जमा केली. आता ती रायफल कुठलीच गोळी उडवू शकत नाही. मी म्हटलं, रीतसर परवानगी काढून पुन्हा पहिल्यासारखी करून देते. ते नको म्हणाले. "ऱ्हाऊ दे. त्याच्या हातचं काम हाय." मग नळीवरून एकदा हात फिरवला आणि जीपमध्ये बसले.

संध्याकाळी भाकरी करताना आईला हे सगळं सांगितलं. ती थापता थापता थांबली. म्हणाली, "एवढं मला सांगायला काय झालं होतं त्यांना?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. याचं उत्तर तुमच्याकडे आहे का?

इतक्या वर्षांच्या संसारात आई दुकानाच्या आत कधी आली नाही. तुम्ही बोलावलं नाहीत, तिनं विचारलं नाही. सोमवारी मी तिला घेऊन येणार आहे. तिला लेथ चालू करून दाखवीन, तुम्ही काय काय केलंत ते एकेक तिच्या हातात देईन, आणि ती जे विचारेल ते कितीही वेळ लागला तरी समजावून सांगेन. तिचा हात बाजूला सारणार नाही. हा माझा शब्द.

तुमची, अजून रागावलेली,
करुणा