न बघता दुप्पट

दाजी,

‘प्रिय’ लिहिलं नाही. तुम्ही जिवंत असताना आपल्यात ते कधी नव्हतं, आता कुठून आणू? आज तुमचा दहावा झाला. पवनेच्या घाटावर कावळा पिंडाला शिवला नाही. का शिवला नाही, हे जमलेल्यांत एकट्या मला ठाऊक होतं. आक्काला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहितोय.

तुमचं हसणं मला सहन होत नव्हतं. चिंचवड स्टेशनाबाहेर टांगा उभा करून तुम्ही हसलात की उतारू वळून बघायचे. आक्काच्या लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला सगळ्यांदेखत म्हणालात, “आमचं मेव्हणं शाळा शिकल्यात, पर पत्त्याला हात लावायच्या आधी आईला इचारत्यात!” घर हसलं. आक्कासुद्धा हसली. तुम्ही दुसऱ्या दिवशी विसरलात. मी कसा विसरू?

रविवारी दुपारी खानावळीमागच्या खोलीत आपण चौघं तीन पत्ती खेळायचो. पानं वाटायच्या आधीच तुम्ही डाव दुप्पट करायचात. वाटल्यावरही उचलून बघायचा नाहीत. न बघणाऱ्यानं एक रुपया टाकला की बघितलेल्यानं दोन टाकायचे, हा नियमच तुमचं हत्यार होता. “बघून कुणीबी खेळतंय राव!” म्हणत पुन्हा दुप्पट करायचात, आणि समोरचा घाबरून चांगली पानंही टाकून द्यायचा.

चौघांतला बाबू शिंपी चिडायचा. तुमच्यासारखाच न बघता खेळायचा आणि रिकाम्या खिशानं घरी जायचा. मी चिडलो नाही, दाजी. तुमची चाल आधी आणि माझी नंतर येईल अशी जागा धरून बसू लागलो. पानं वाईट आली की मुकाट टाकायची. चांगली आली तरी वाढवायचं नाही, तोंड पाडून नुसते बरोबरीचे पैसे टाकायचे. वाढवायचं काम तुम्ही करायचातच की! चार महिने मला भित्रा म्हणालात. मान खाली घालून ऐकताना किती गोड लागायचं ते!

मग तो रविवार आला. माझ्या हातात इस्पिकचे राजा, राणी, गुलाम. बाकीच्या दोघांनी पानं टाकली. तुम्ही न बघता वाढवत राहिलात, मी नाइलाज झाल्यासारखा टाकत राहिलो. तुमचा खिसा रिकामा झाला. तिथं पानं उघडायला सांगितली असती तर डाव मिटला असता. मी पगाराचं पाकीट काढून पुढं ठेवलं. तुम्ही काय लावणार, हे मला माहीत होतं.

“चंद्री लावली,” तुम्ही म्हणालात.

बाबूनं तुमचा हात धरला. “दाजी, घोडी हाय ती! पानं तरी बघा!”

“बघितली तर मजा काय?”

मग उघडली. दुरी, पंजी, अठ्ठी, तीन रंगांची. तुम्ही हसायला तोंड उघडलंत, पण आवाज निघाला नाही. मी माझी तीन पानं मुद्दाम तुमच्यासमोर एकेक करून मांडली.

दुसऱ्या दिवशी आक्का आली. “शंकर, घोडी दे रं. आमच्या पोटावर पाय देऊ नगंस.” मी म्हणालो, “खेळातला शब्द आहे, आक्का.” आठ दिवसांत चंद्री चाकणच्या एका कांदेवाल्याला विकली. घोडी मला नकोच होती.

टांगा घोडीविना दारात पडून राहिला आणि तुम्ही पिंपरीला आलात, नव्या कारखान्याच्या बांधकामावर. तिथं हजेरीच्या खिडकीत कोण बसलेलं? रोज सकाळी मी विचारायचो, “नाव?” रोज तुम्ही पूर्ण नाव सांगायचात. जरा उशीर झाला की मी अर्धा दिवस लावायचो. तुम्ही एकदाही भांडला नाहीत. भांडला असतात तर? कदाचित तिथंच सगळं थांबलं असतं. का भांडला नाहीत?

शेवटच्या दिवशी तुम्ही खिडकीचा गज धरून उभे होतात. “शंकरराव, अंगात लई ताप हाय. आज रजा द्या.”

माझ्या तोंडून निघालं, “पानं न बघता खेळता, आणि कामाला मात्र ताप बघून येता होय? जा घरी. पण उद्या येऊ नका.”

तुमचे डोळे तांबडेलाल होते. मी पाहिले. तुम्ही घमेलं उचललंत. दुपारी खडीच्या ढिगाजवळ कोसळलात. तुम्हाला बैलगाडीत घालून नेत होते तेव्हा मी हजेरीत अर्धा दिवस लिहिला. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

आक्काला वाटतं, तुम्हीच हट्टानं कामावर थांबलात. “रजा मागितली असती तर माझ्या भावानं दिली नसती व्हय?” असं ती बायकांना सांगत होती. मी तिथंच उभा होतो.

आज घाटावर ती पदर पसरून म्हणाली, “घोडी सोडवून आणीन, पर शिवा.” कावळा झाडावरून हलला नाही. बाबू म्हणाला, “टांगा इकू देणार न्हाई, दाजी.” तरी नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले. ओठावर आलेलं मी गिळलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

खेळ मी बरोबर खेळलो, हे आजही म्हणेन. खिडकीत घडलं तो मात्र खेळ नव्हता.

म्हणून शब्द देतो. तेराव्याला पंगत बसायच्या आधी, सगळ्यांसमोर, आक्काला सांगेन: त्यांनी रजा मागितली होती, मी दिली नाही. ती मला दारातून हाकलेल. मी जाईन, परत येणार नाही. पण तुमच्या नावानं हात जोडणार नाही, दाजी. ते या शब्दात धरू नका.

तुमचा मेव्हणा,
शंकर