सुजेची गोळी

३ मार्च
परत तेच. गोळ्या वाढवल्या तरी शुगर उतरत नाही. गुजराती डॉ. म्हणाले, ‘बेन, आ चरबी शांत नथी.’ म्हणजे गप्प बसत नाही. पोटातल्या चरबीच्या पेशी फुगतात, मरतात. ते निस्तरायला शरीराचे शिपाई येतात अन् तिथंच ठाण मांडतात. आतल्या आत सूज धरते. मग इन्सुलिन हाका मारतं, पण कोणी ऐकत नाही.
मला आमची खोली आठवली. गावाकडून येणारा प्रत्येकजण ‘दोनच दिवस’ म्हणून येतो.
वजन कमी करा म्हणे. खानावळवालीला!

९ मार्च
यंत्रमागाचे कारागीर जेवून गेले. भात उरला. आज टाकायचाच, ठरवलं होतं. हात धजला नाही. खाल्ला.
यांचा पलसाण्याहून, कामावरून फोन. ‘कमी रांध.’ कमी रांधलं अन् एखादा उपाशी लूमवर गेला तर? डाइंग मिलमध्ये बसून बोलायला काय जातं.

१४ मार्च
सूजच आहे ना? मग सुजेची, दुखण्याची गोळी का नको? लूमवाले सगळेच घेतात, उभं राहून पाय सुजतात त्यांचे. भिकाभाऊ आपला जुना जेवणारा, त्याच्याकडून गोळ्यांची पट्टी मागून घेतली.

२८ मार्च
गुडघे हलके. सकाळ-संध्याकाळ एकेक घेतेय. डॉ.ना नाही सांगितलं. उगीच कशाला...

२० मे
किडनीचा रिपोर्ट खराब. गोळीचं सांगावंच लागलं. डॉ. ओरडले. ती चरबीतली सूज या गोळीनं जात नाही, अन् शुगरवालीनं ही रोज खाणं म्हणजे विष. आता इन्सुलिनची सुई. महिन्यानं परत तपासणी.
रिक्षात रडले. चूल कोण सांभाळणार? मला काही दिसत नाही पुढचं.

२३ मे
भिकाभाऊ नवी पट्टी घेऊन आला. ‘आक्का, तुनासाठे लयनू.’ नको म्हटलं. सगळं सांगितलं. म्हटलं, बाबा, तूही बंद कर, तपासून घे.
हसला. ‘मंग मशीन कोन चालाडी?’
माझ्याच तांब्यातल्या पाण्यानं दोन गोळ्या गिळल्या अन् पाळीवर गेला. घाईत नीट जेवलाही नाही. त्याच्या वाटचा भात पातेल्यात आहे. मी त्या भातासमोर बसलेय, अजून हात लावला नाही.