रंभेची माया

२ जानेवारी १९५७

रानकुत्र्यानं आमच्या बिबट मादीचा, रंभेचा पंजा फोडला! पिंजरे शेजारी-शेजारी ठेवू नका म्हणून हजारदा सांगितलं होतं. पण रेंजरसाहेबांना बायकोचं ऐकायची सवय कुठे? अंगणात बिबट आणि रानकुत्रा असलेलं मूल गावातलं एकुलतं एक घर आमचं. शेजारणी मागच्या दारानं येतात.

५ जानेवारी

रंभा मांसाला तोंड लावत नाही. एरवी माझी चाहूल लागली तरी गजांवर झेप घेते. आज नुसती बघत राहिली. चौकीदार लटारूभाऊ म्हणाले, "बाई, थे लई नरम पडली."

चांद्याहून गुरांचे डॉक्टर गुणवंतराव आले. दोरखंडानं पाय बांधून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकातून बघितला. "कुत्र्याच्या दातातले जंतू रक्तात शिरले. अंगभर पसरून राह्यले." पेनिसिलिन सुरू केलं. वाचेल का विचारलं, तर बॅग आवरायला लागले!

८ जानेवारी

आज गजांतून हात घातला—तिनं चाटला! मी रडलेच. पिल्लू असल्यापासून भरवतेय, आता कुठे बाईसाहेबांना माया फुटली.

डॉक्टर भडकले. "हात काढा आधी! माया नाई हे, ताप आहे. थे बरी असती तं हात राह्यला असता का तुमचा?"

कोरडा माणूस! ह्यांनीही त्यांचीच री ओढली.

१० जानेवारी

गावभर बोलबाला—रेंजरीणबाईनं वाघ माणसाळवला. शेजारच्या रुखमाबाई चक्क पुढच्या दारानं आल्या! ठरलं. संक्रांतीचं हळदीकुंकू अंगणात, रंभेसमोर.

१२ जानेवारी

आज सुईसुद्धा निमूट घेतली. डोकं थोपटलं तर डोळे मिटून पडून राहिली. एवढा गुणीपणा बरा नव्हे. डॉक्टरांचं म्हणणं आता कळतंय. रंभे, एकदा तरी गुरगुर गं.

१३ जानेवारी

थोडं मांस खाल्लं. डॉक्टर म्हणे, "पक्कं काई सांगत नाई." आमंत्रणं तर गेलीत.

१४ जानेवारी, संक्रांत

अंगण भरून बायका. त्या बघतायत म्हणून तबक घेऊन पिंजऱ्याजवळ गेले. म्हटलं, "गोड बोल, बाई." तिनं अशी डरकाळी फोडली, आणि नव्या लुगड्याचा पदर टर्रकन तिच्या नखांत! तबक उडालं, बायका वाट फुटेल तिकडे पळाल्या. मी फाटका पदर धरून हसत, रडत उभी.

लटारूभाऊंबरोबर चांद्याला डॉक्टरांना तिळगूळ धाडला. सगळा.