मागच्या स्वयंपाकघरातली काळी फरशी

आई, ज्या पबच्या मागच्या स्वयंपाकघरात तू भाज्या चिरायचीस, तिथे मी गेल्या आठवड्यात कामासाठी गेले होते. बेसिंगस्टोकच्या आमच्या ऑफिसला त्यांचा फोन आला होता. बिअर थंड ठेवणारं तळघरातलं यंत्र जुनं झालंय, मागे एक कोल्डरूम करता येईल का ते बघायचं होतं. पबचं नाव ऐकल्यावर ‘दुसऱ्या कुणाला पाठवा’ असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. रेफ्रिजरेशन हा माझा विषय आहे. ती जागा म्हणजे चार भिंती, एक छप्पर आणि आत येणारी उष्णता, त्यापलीकडे माझ्यासाठी काही नसावं, असं ठरवून मी गेले.

आठवतं ते असं: मी दहा वर्षांची आहे. शाळा सुटली की मी मागच्या दाराने येते आणि तुझं काम संपेपर्यंत स्टुलावर बसते. खिडकीखाली काळ्या पाटीच्या दगडाची लांब फरशी आहे, कमरेएवढ्या उंचीच्या दोन विटांच्या ओट्यांवर ठेवलेली. पबची मालकीण त्यावर ‘पाय’ या सारण भरून भाजायच्या पदार्थाची पेस्ट्री लाटते, कारण दगड बाराही महिने गार असतो. तुला लाटायला लावलं की तू मात्र घरून आणलेल्या पोळपाटावर लाटतेस. “माझ्या आजीने याच दगडावर लाटलं, लव्ह,” ती म्हणते, “आणि तुला हा खेळण्यातला टेबल हवा?” तू हसून म्हणतेस, “वुड इज वॉर्म.” ती बाहेर बारमध्ये गेली की तू फडकं कोमट पाण्यात पिळून ती फरशी पुसतेस. ओटा पुसतात तशी नाही. तापात पडलेल्या माणसाचं अंग पुसावं तशी, वरून खाली, न घासता. एके दिवशी मी माझं दप्तर त्या फरशीवर टाकलं आणि तू मागे वळूनही न बघता म्हणालीस, “उचल ते. कुणीतरी निजलंय तिथे.” दूध उतू जातंय म्हणावं, इतक्या साध्या आवाजात.

घरी आल्यावर मी ते बाबांना सांगितलं. बाबा रागावले नाहीत. “दमलीयेस गं तू,” एवढंच तुला म्हणाले आणि डॉक्टरकडे घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या, पबचं काम सुटलं. दुपारीसुद्धा तुझे डोळे जड असायचे. लीड्सची आत्या राहायला आली की माझ्या वेण्या घालताना बाबांना ऐकू जाईल असं म्हणायची, “नाक आईचं आलंय, डोकं तरी बापाचं असू दे.” ते वाक्य मी फार मनावर घेतलं. पुढे सायन्स घेतलं, नॉटिंगहॅमला इंजिनिअरिंग केलं. मोजता येत नाही ते बोलायचं नाही, हा नियम स्वतःला घालून घेतला. माझं दुसरं वर्ष चालू असताना तू गेलीस. बाबा अजून म्हणतात, त्या पबपासूनच तिचं बिनसलं.

आता तिथे नवा मालक आहे, तिशीतला, बोलका. मागच्या दाराने त्याने मला थेट त्या खोलीत नेलं. फरशी तशीच होती. तिचे तुकडे करून बाहेरच्या बारवर बसवायचा त्याचा विचार होता. मी भिंतींचं तापमान घेतलं, जमिनीचं घेतलं, मग फरशीचं. कडेला ती भिंतीइतकीच गार निघाली. मध्ये तीन अंशांनी जास्त गार. मी तापमापकाचा प्रोब बदलला. तेच आकडे. खाली वाकून बघितलं. नळ नाही, गटार नाही, नुसती मोकळी हवा. मग खडूने त्या गार भागाची कड आखत गेले. आखून झाल्यावर जरा मागे सरले आणि लगेच ओल्या फडक्याने खडू पुसून टाकला. लांबी फार नव्हती. मोठ्या माणसाची नक्कीच नव्हती.

नंतर बारमध्ये चहा देताना त्याने भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. गावातल्या एका इतिहासप्रेमी बाईंनी जुनी दप्तरं धुंडाळून पबची हकीकत लिहून दिली होती. लंडनच्या घोडागाड्या इथे घोडे बदलत. रेल्वे आली, तबेले ओस पडले. त्या काळात संशयास्पद मृत्यूंची चौकशी गावोगाव पबमध्येच चालायची. इथे कोरोनर, म्हणजे चौकशी अधिकारी, आणि पंच वरच्या खोलीत बसत, आणि जवळच्या कॅनॉलमधून काढलेलं प्रेत तोवर मागच्या, ऊन न येणाऱ्या खोलीत दगडी फरशीवर ठेवत. “जुन्या मालकीणबाईंना ही फ्रेम दाखवली ना,” तो म्हणाला, “तर त्या म्हणाल्या, जन्मभर मी तिथे पायची पेस्ट्री लाटली आणि कुणी मला सांगितलं नाही.”

मी त्याला सांगितलं की कोल्डरूम तळघरातच करा, मागच्या खोलीला हात लावू नका. फरशी हलवाल तर तडकेल, असंही सांगितलं. पाटीचा दगड थरांचा असतो, तेव्हा हे खोटं नाही.

घरी येऊन बाबांना फोन केला. “बाबा, आईचं खरं होतं,” म्हटलं आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, “त्या मालकिणीनेच सांगितलं असेल तिला.”

“तिलाच माहीत नव्हतं, बाबा.”

“बरं,” ते म्हणाले. “आणि तू? तू बरी आहेस ना?”

“मी फक्त तापमान मोजलं,” मी म्हटलं. त्यांचा सुटकेचा श्वास मला फोनवर ऐकू आला.

हे पत्र त्यांच्या हाती पडता कामा नये, म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. त्याआधी एक गोष्ट, जी मी त्यांना सांगितली नाही. मागच्या दारातून आत शिरले तेव्हा मी ना फ्रेम वाचली होती, ना प्रोब बाहेर काढला होता. नव्या मालकाला एवढंच विचारलं की लाइटचं बटण कुठे आहे. तो हसला. म्हणाला, “कुजबुजताय कशाला, लव्ह? इथे आपण दोघंच आहोत.”

मी म्हटलं, घसा बसलाय. घसा बसला नव्हता, आई.