तिसरा मेंब्रेन

३ मार्च, मंगळवार
पाण्याच्या फिल्टरचा तिसरा मेंब्रेन बसवला. पहिला सात आठवडे टिकला, दुसरा पाच. खोक्यावर छापलंय, दोन वर्षं. छापायला काय जातं! बुखाऱ्याच्या नळाचं पाणी खारट आहे, मान्य. पण मी एकतीस वर्षं बॉयलरघरात पाणी मऊ करण्याच्या विभागाचा प्रमुख होतो. खाऱ्या पाण्याबद्दल मला कोणी शिकवू नये.

हा टिकलाच पाहिजे. डिस्कस माशांची जोडी दगड साफ करायला लागली आहे, म्हणजे अंडी घालणार. पाणी मऊ नसेल तर अंडी जातात. घरच्या टाकीत डिस्कसची पिल्लं काढलेला माणूस माझ्या माहितीत इथे एकही नाही. तो मी होणार.

संकल्प: रोज सकाळी पाण्यातले क्षार मोजायचा मीटर लावणे. कोणाचंही न ऐकणे.

४ मार्च, सकाळी ७
नळाचं पाणी ९४०, फिल्टरचं १८. उत्कृष्ट. मेंब्रेन बदलताना काढलेला चिमटा सांडपाण्याच्या नळीवर परत लावला. कल्पना माझी आहे म्हणून नोंदवून ठेवतो. फिल्टर बनवणाऱ्या शहाण्यांनी अशी सोय केली आहे की एक बादली चांगल्या पाण्यामागे चार बादल्या गटारात. चार! आमच्या गल्लीतल्या पाटात कोणी थुंकलं तरी आजोबा कान पिळायचे. पाणी सांडणं पाप आहे हे ज्यांना लहानपणी कोणी सांगितलं नाही, त्यांनी ही नळी बनवली असणार. मी ती कपड्यांच्या चिमट्याने आवळली. आता गटारात फक्त थेंब थेंब.

होसियत म्हणाली, अहो, माझे चिमटे कुठे जातायत? बायकोला चिमट्याचं पडलंय.

९ मार्च
नोदिर आला. होसियतचा धाकटा भाऊ. चार वर्षांपूर्वी मोबाइलची कव्हरं विकायचा, आता बाजारात मासे आणि फिल्टर विकतो. झाला तज्ज्ञ! म्हणाला, दाजी, सांडपाणी नीट वाहतंय ना? मी म्हटलं, तू चहा पी. तीन पियाले प्यायला, अर्धा नान खाल्ला, आणि तरीही फिल्टर बघायला ओट्याखाली वाकायला लागला. मी म्हटलं, पाहुण्याने ओट्याखाली बघू नये. हसला. त्याला हसायला काहीही चालतं.

१५ मार्च
मीटर ४१. मेंब्रेन रुळतोय.

संध्याकाळी चहाखान्यात चार बादल्यांचा विषय काढला. मोहल्ल्याचे प्रमुख सैफिद्दीन आका छातीवर हात ठेवून म्हणाले, बेटा, असा विचार करणारी माणसं उरली कुठे! तसाच त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फिल्टरलाही चिमटा लावून दिला. पुढच्या महिन्यात अख्ख्या मोहल्ल्यात लावायचा विचार आहे.

२१ मार्च, नवरोज
अंडी! दोनशेच्या आसपास. नर-मादी दोघंही पंखांनी वारा घालतायत. मोहल्ला सणाची सुमलक खीर ढवळायला गेला, मी टाकीपाशी खुर्ची टाकून बसलो. होसियत म्हणाली, अहो, सणाला तरी माणसांत चला. मी म्हटलं, हीच माझी माणसं. तिने दार जरा जोरात लावलं.

मीटर १६०. पेलाभर पाण्याला पाऊण तास लागतो. पाणीपुरवठा खातं सणाच्या गडबडीत नळात काहीतरी सोडतंय, नाहीतर दाब कमी आहे, नाहीतर नोदिरने मला जुना माल दिलाय. तिन्ही गोष्टी असू शकतात. गाळणी धुतली. चिमटा जरा सैल वाटला म्हणून लोखंडी लावला.

२४ मार्च, पहाटे
अंडी पांढरी पडली. सगळी. नराने एकेक करून खाऊन टाकली. मी बघत होतो. फार वाईट वाटलं.

मीटर ३९०. मेंब्रेन उघडून पाहिला. आत पांढरा थर, किटलीच्या तळाला धरतो तसा, नखाने खरवडला तरी निघेना. एकतीस वर्षांचा अनुभव एका शब्दात सांगतो: बनावट.

२६ मार्च
सैफिद्दीन आकांचा फिल्टरही गेला. तीन वर्षं चालत होता, मी सुधारणा केल्यावर अकरा दिवसांत बंद! यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? त्यांचा माल वेगळ्या दुकानातला, वेगळ्या वर्षातला. म्हणजे ही बनवाबनवी मला वाटली त्याहून जुनी आहे आणि सगळीकडे पसरलेली आहे. तक्रारअर्जाचा मसुदा सुरू केला.

आका रस्त्यात दिसले. मी सलाम केला, ते समोर बघत निघून गेले. त्यांची नजर अधू होत चालली आहे.

३० मार्च
मादी काळी पडून कोपऱ्यात उभी. दोन दिवस खात नाही. होसियतने मला न विचारता भावाला फोन केला. तो आला आणि चहासुद्धा न घेता थेट ओट्याखाली शिरला. बराच वेळ बाहेर आला नाही. मग आतूनच म्हणाला, दाजी, हे काय लावलंय? मी म्हटलं, पाण्याची बचत. तो बाहेर आला. म्हणाला, दाजी, बॉयलरमधलं खारं पाणी तुम्ही बाहेर सोडायचात की नाही? म्हटलं, सोडायचो म्हणजे काय, दर पाळीला! नाही सोडलं तर खार धरून बॉयलर खलास. तो म्हणाला, मग?

मी म्हटलं, बॉयलरची गोष्ट वेगळी.

नोदिरने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, मासे मी नेतो, इथे आठवडाही काढायचे नाहीत. होसियतने बादली आणली. ती आधीच धुऊन ठेवलेली होती, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. मी परवानगी दिली. तात्पुरती, तुलनात्मक अभ्यासासाठी.

२ एप्रिल
तक्रारअर्ज पाठवला नाही. भाषा अजून धारदार हवी.

१८ एप्रिल
नोदिरच्या टाकीत अंडी. त्याने बहिणीला कळवलं, मला नाही. त्याचं सांडपाणी म्हणे पिंपात जमा होतं आणि त्यातून त्याची बायको अंगण धुते. एक थेंब वाया नाही. हे कोणालाही सुचलं असतं. मी मोठ्या प्रश्नांत अडकलो होतो.

२६ एप्रिल, रविवार
न राहवून होसियतबरोबर नोदिरकडे गेलो. साठेक पिल्लं, मोहरीच्या दाण्याएवढी, आईबापाच्या अंगाला चिकटून त्यांच्याच कातडीवरचा बुळबुळीत थर खातायत. बारा वर्षं याच गोष्टीची वाट बघत होतो. माझे डोळे भरून आले. मी काचेला नाक लावलं.

मादी दचकली, वळली आणि तिने दोन पिल्लं गिळली. नोदिरने माझा दंड धरून मला बाजूच्या खोलीत नेलं. मग तो परत टाकीपाशी गेला. दारातून मला दिसलं, जोडी त्याच्या बोटापाशी आली. प्रकाशाचा कोन असेल. नाही, प्रकाशाचा कोन नव्हता.

निघताना तो खाली बघत म्हणाला, दाजी, राग मानू नका, पण पुढच्या वेळी येण्याआधी एक फोन करा. आमच्या घराण्यात बहिणीच्या नवऱ्याला फोन करून या असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, अर्थात, अर्थात. होसियत घरी येईपर्यंत माझ्याशी फार प्रेमाने बोलत होती.

२७ एप्रिल, सकाळी ९
फोन केला. नोदिर म्हणाला, आज नको, दाजी.